मनवाच्या खेळातला माणूस

॥ श्री ॥

कोपरगाव
मंगळवार, वैशाख वद्य अष्टमी
दि. २० मे २०२५

चि. शौनकभाऊजींस दमयंतीवहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. ह्यांचा गुडघा जिना चढायचा म्हटला की दुखतो, पारावर गप्पांना जायचं म्हटलं की दुखत नाही, म्हणजे काळजीचं काही नाही. कुरडया वाळल्या, तुमचा डबा वेगळा भरून ठेवलाय. कालव्याला पाणी सुटलंय, त्यामुळे दुपारचा वारा थोडा सोसवतो. कागद पाठकोरा आहे. मागच्या बाजूला पतसंस्थेच्या सभेची सूचना आहे ती वाचू नका, सभा होऊन गेली. कोरे कागद घरात आहेत, पण बरंच लिहायचंय म्हटल्यावर हात आपोआप पाठकोऱ्यांकडे गेला.

तुम्ही अक्षय्य तृतीयेला येऊन गेलात, त्या संध्याकाळी दिवा लावायला गेले तर समईखाली तुमची चिठ्ठी. देवासमोर ठेवलीत म्हणजे मी खोटं लिहू नये असा तुमचा हिशेब असणार. लहानपणापासून तुम्ही असेच. "मनवाला माझ्याकडे यायचं आहे का, ते बघा आणि लिहून कळवा. फोनवर नको. माझा आवाज ऐकला की ती हो म्हणेल, तुमचा ऐकला की नाही म्हणेल. नाही असेल तर मेअखेरीला मी मस्कतला परत जातो, पुढच्या तीन वर्षांचा करार तयार आहे. हो असेल तर पुण्यातल्या नोकरीची जागा घेतो. पुन्हा विचारणार नाही."

त्याचंच उत्तर लिहायला बसले आहे. पण आधी तुमच्या लेकीच्या सुट्टीचं सांगते, मग तिकडे येते.

मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात पूजा रोज सकाळी मुलांना कॉम्प्युटर शिकवते. पूजा म्हणजे आपल्याला गूळ देतो त्या मच्छिंद्रची थोरली लेक. नाशिकला शिकली, आता घरी बसूनच कुठल्याशा कंपनीचं काम करते, आणि सुट्टीत हा उद्योग. देवळाच्या तेलवातीचा हिशेब माझ्याकडे, म्हणून किल्लीही माझ्याकडे. मी मंडप उघडते, केर काढते आणि खांबाला टेकून जप करत बसते. मनवाला तिकडे नेण्याचं खरं कारण एवढंच, की मला तिला घरी एकटं ठेवायचं नव्हतं.

कॉम्प्युटर शिकवायचा म्हणजे काहीतरी इंग्रजी पाठ करून घेणार, असं मला वाटलेलं. पण पहिले काही दिवस तिने यंत्र उघडलंच नाही. फरशीवर खडूने चौकोन आखले आणि एका मुलाला मुंगळा केलं. बाकीच्यांनी पत्ते मांडायचे: पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. मुंगळ्याने पत्त्यात असेल तेवढंच करायचं आणि गुळाच्या खड्यापर्यंत पोचायचं. एका दिवशी मनवा मुंगळा. पोरांनी "पुढे"चे पत्ते लावले ते लावतच सुटली. समोर खांब आला तरी ही आपली खांबाला नाक लावून जागच्या जागी पाय आपटतेय. मी माळ टाकून धावले.

पूजा म्हणाली, "राहू द्या काकू. थांब म्हनून कुनी सांगितलंच न्हाई तिला. यंत्राचं आसंच आसतं. आपल्या मनात काय हाय ते त्याला कळत न्हाई. आपन म्हनलो तेवढंच कळतं."

हे घरी सांगितलं, तर तुमचे दादा म्हणतात, "म्हणजे माझ्यासारखंच की! सांगितलीस तेवढीच भाजी आणतो, तर कोथिंबीर का नाही आणली म्हणून बोलणी खातो."

मग लॅपटॉप आले. दोनच, आणि मुलं मंडपभर. मला वाटलं आता मारामाऱ्या होणार. पण पूजाने नियम केला. जोडीने बसायचं, एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने माऊस धरायचा. सांगणाऱ्याने माऊसला हात लावायचा नाही, धरणाऱ्याने मनाचं काही करायचं नाही. थोड्या वेळाने जागा बदलायच्या. मनवाची जोडी सुकन्येशी, म्हणजे आपल्या मागच्या मुक्ताबाईंच्या नातीशी. ती पोरगी तोंडाने फटाकडी. "अगं नीट सांग की! वळ म्हंजी कुनीकडं वळ? तुज्या मनातलं मला काय दिसतंय व्हय?" असं दिवसभर. आणि आपली मनवा, जी तीन वर्षं विचारल्याशिवाय बोलत नव्हती, ती तिला सांगू लागली. आधी हळू, मग चढ्या आवाजात. परवा तर दोघी अशा भांडल्या की मला बरं वाटलं.

मीही त्यात कशी शिरले कोण जाणे. बसल्या बसल्या बघत राहायचे. रंगीत ठोकळे एकाखाली एक लावायचे, की त्यांची साखळी होते, आणि साखळी सांगेल तसं पडद्यावरचं चित्र चालू लागतं. आता माझं असं झालंय भाऊजी, की नदीवर जायला निघाले तरी मनात आपलं पुढे, पुढे, डावीकडे. कणीक मळताना वाटतं, "गोळा होईपर्यंत पुन्हा पुन्हा" हा ठोकळा आपण गेली तीसेक वर्षं लावतोच आहोत. दुपारी डोळा लागला की स्वप्नात मंडपाची फरशी दिसते. ती गार असते आणि संपतच नाही. मी एका चौकोनात उभी असते, पलीकडे पाणी वाहतंय, कोणीतरी पत्ता टाकेल म्हणून मी थांबलेली. भीती वाटत नाही. नुसतं थांबल्यासारखं वाटतं. जाग येते तेव्हा पंखा फिरत असतो आणि मनवा शेजारी पालथी पडून कागदावर चौकोन काढत असते.

मग मुलांनी सगळ्यांचा मिळून एक खेळ करायला घेतला. गावाचा खेळ. प्रत्येक जोडीने गावातली एक जागा करायची. कोणी ऊस भरलेला ट्रॅक्टर केला, कोणी बाजार, कोणी नदीचा घाट. भागवत गुरवाच्या जुळ्या मुलींनी महादेवाचं देऊळ केलं आणि त्याभोवती प्रदक्षिणा घालणारा भक्त. तो गोल फिरायला लागला आणि माझा जप तुटला.

"अगं पोरींनो, शंकराला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत! अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर येतं ती पन्हळ ओलांडायची नसते. तिथपर्यंत जायचं, मागे फिरायचं, दुसऱ्या बाजूने पुन्हा पन्हळीपर्यंत यायचं. गुरवाच्या लेकी ना तुम्ही?"

झालं. मुलांना तेच हवं होतं. "पन्हळ लागली तर मागे फिर" असा ठोकळा लावला. भक्त निघाला. पन्हळीशी आला, वळला, दुसऱ्या बाजूने पन्हळीशी आला, पुन्हा वळला. पुन्हा इकडून, पुन्हा तिकडून. प्रदक्षिणा आपली चालूच. बाहेर ये म्हणून त्याला कोणी सांगितलंच नव्हतं! मंडपात हसून हसून पोरं लोळली. मी हात जोडले आणि म्हटलं, "केवढं रे बाबा तुझं पुण्य साठलं!" शेवटी मनवानेच सांगितलं, की दुसऱ्यांदा पन्हळ लागली तर परत येऊन नंदीपाशी थांबवा.

हे मी तुम्हाला रंगवून लिहितेय, कारण पुढचं लिहायला हात चालत नाही.

तुम्ही आलात त्या दिवशी मनवा ओसरीवर तुमच्याकडे पाठ करून बसली होती. तुम्ही दोनदा हाक मारलीत, तिने मान वळवली नाही. तुम्ही ते पाहिलंत आणि आमरसाची वाटी अर्धी ठेवून उठलात. तुम्ही गेल्यावर हे म्हणाले, "बघितलंस ना? पोरीचं मन इथे रुजलंय. लिहून टाक त्याला, इथेच बरी आहे म्हणून." आणि भाऊजी, मलाही तेच लिहायचं होतं. लिहिणं सोपं होतं. पाठ तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिली होती, मी फक्त तिचा अर्थ लिहून पाठवायचा. तुमची मधुवंती गेली आणि तुम्ही लेकरू आमच्याकडे दिलंत, तेव्हा ते सहा वर्षांचं. तुम्ही माझ्या पदरात पडलात तेव्हाही सहा वर्षांचेच होतात. मी लग्न होऊन आले, सासूबाईंनी शेंबडा मुलगा पुढे उभा केला आणि म्हणाल्या, "ह्यांना भाऊजी म्हणायचं, अहोजाहो करायचं." नाक पुसता पुसता अहोजाहो केलं. माझ्या पोटी काही झालं नाही, पण माझं घर मुलाशिवाय कधी राहिलं नाही. आता या वयात ते रिकामं होईल, हा विचार मी देवासमोरसुद्धा करत नव्हते.

त्या पाठीचा खरा अर्थ मात्र मला या रविवारी कळला.

रविवारी खेळ सगळ्यांना दाखवायचा होता. पूजाने कुठूनसं भिंतीवर चित्र पाडायचं यंत्र आणलं. मंडपाची दारं लावून घेतली, झरोक्यांवर गोणपाटं टांगली. भर सकाळी आत काळोख. वर कबुतरं घुमत होती. आणि मग चुन्याच्या भिंतीवर आपलं गाव उजळलं. नदी निळी, ऊस हिरवा, ट्रॅक्टर चाललाय, भक्त नंदीपाशी येऊन थांबलाय. खरं सांगते, असं वाटलं की आपण सगळे गोदामाईच्या तळाशी बसलोय आणि गाव वर पाण्यावर तरंगतंय. मच्छिंद्र तर टोपी काढून हातात घेऊन बसला होता.

सगळ्यात शेवटी मनवा आणि सुकन्येची जागा. एक घर. आत चुलीपाशी निळ्या लुगड्यातली बाई, शेजारी दोन वेण्यांची मुलगी. बाहेर एक माणूस, खांद्याला बॅग. तो घराला चक्कर मारतो, दारापाशी येतो, थांबतो. आतून कोणी दार उघडत नाही. पुन्हा चक्कर. पुन्हा दार. सगळ्यांना वाटलं आता काही होईल, मग होईल. काहीच होईना.

मुक्ताबाईंना राहवलं नाही. "अगं बया, त्या बाप्याला कुनीतरी आत घ्या की! पाय दुखलं आसतील त्याचं!"

सगळे हसले. सुकन्या उठून म्हणाली, "आज्जे, मी कवाधरनं सांगतीया हिला! सगळा खेळ झालाय, नुसतं दाराचं बटन राह्यलंय. तर म्हनती, राहू दे." मनवाने मान खाली घातली. मीही घातली. त्या माणसाच्या बॅगेचा रंग तुमच्याच बॅगेचा होता.

मंडळी गेली. पूजा लॅपटॉप माझ्या ताब्यात देऊन बापाबरोबर पुढे गेली, दुपारी येऊन नेते म्हणाली. दारं उघडली, उजेड आत आला. मनवा खडूच्या चौकोनात बसून राहिली. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"ही चुलीपाशी कोण गं?"

"तू."

"आणि बाहेर?"

"त्याचा चेहरा अजून रंगवला नाहीये."

"दार का नाही उघडत?"

"उघडलं की खेळ संपतो."

"संपू दे की. संपण्यासाठीच असतो."

ती नखाने खडू खरवडत होती. मग म्हणाली, "संपला की तो मुलीला घेऊन जातो. मग आतली बाई एकटीच राहते. तिला कोणी ठोकळेच दिलेले नाहीत, काकू. ती नुसती बसून राहील."

भाऊजी, म्हणजे ती त्या दिवशी तुमच्याकडे पाठ करून बसली, ती माझ्यासाठी. तुमच्याकडे तोंड केलं असतं तर पळत आली असती, आणि ते मी पाहिलं असतं.

मी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "चल, आपण दोघी बटण करू. तू माऊस धर, मी सांगते."

"तू सांगशील?"

"हो. नियमाने. तू मनाचं काही करायचं नाही."

तिने लॅपटॉप उघडला. मी सांगायला लागले, "बाई उठते."

"उठते म्हणजे काय? कुठल्या चौकोनात जाते ते सांग."

"दाराच्या चौकोनात."

"मग?"

"कडी काढते."

दार उघडलं. माणूस चक्कर मारून आला, दाराशी पोचला आणि तिथेच अडकला. पाय हलत होते, पण जागचा हलत नव्हता, खांबाला नाक लावलेल्या मुंगळ्यासारखा.

"आता काय झालं गं?"

"काकू, ती दारातच उभी आहे ना. तो आत येणार कुठून?"

मी बघत राहिले. बोटाएवढी बाई, पण सगळं दार तिने अडवलेलं. वर कौलांवर चिमणी टकटक करत होती. मला वाटत होतं ही पोरगी आपणहून करेल काहीतरी, पण ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"सांग ना," ती म्हणाली. "मला मनाने नाही करता येत."

मग मी म्हटलं, "तिला एक चौकोन बाजूला घे."

तिने घेतलं. माणूस आत आला. मुलगी त्याच्या चौकोनाशेजारी जाऊन उभी राहिली. तो ठोकळा तिने कधीचाच लावून ठेवला होता, फक्त तिथपर्यंत खेळ कधी पोचला नव्हता. मनवा पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाने काच धुरकटली. मग मला म्हणाली, "आता पुढे काय करायचं?"

"पुढचं मला येत नाही," मी म्हटलं. "ते तुझ्या बाबांना विचार."

तर तुमच्या चिठ्ठीचं उत्तर: हो. मनवाला तुमच्याकडे यायचं आहे. पुण्याची जागा घ्या.

ह्यांना हे पत्र दाखवलेलं नाही. पेटीत टाकून आले की सांगेन. रागावतील, दोन दिवस जेवताना बोलणार नाहीत, तिसऱ्या दिवशी तिच्या पुस्तकांना कव्हरं घालायला बसतील. मला माणूस माहीत आहे.

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होईल. तुम्ही त्याआधी या, आणि येऊन आठवडाभर राहा. एकदम उचलून नेऊ नका. तिला सकाळी उठवायला हाक मारू नका, पायाला हात लावला की उठते. भूक लागली तर सांगत नाही, विचारावं लागतं. शाळेत सोडायला गेलात तर फाटकापाशी हात सोडा, आतपर्यंत गेलात तर तिला लाज वाटते. आणि आईचं नाव तिच्यासमोर काढायला घाबरू नका. आपण मोठ्यांनी तीन वर्षं ते टाळलं. ती आईशी रोज बोलते, अंघोळ करताना, पाणी अंगावर घेता घेता. मी दाराबाहेर पंचा घेऊन उभी असते तेव्हा ऐकू येतं. काय बोलते ते लिहीत नाही. एखाद्या दिवशी तुम्ही पंचा घेऊन उभे राहाल.

शेवटी "आमची काळजी करू नका, आम्ही इकडे मजेत आहोत" असं लिहायची पद्धत आहे. लिहायला घेतलं होतं, पण देवघरात बसून लिहितेय, ते खोटं उतरेना. म्हणून इतकंच लिहिते, की मला सवय होईल.

तुमची,
दमयंतीवहिनी